साधे आवाज

"हात सैल सोड, कुंदा. दात उपटायला नाही आणलं तुला," प्रोफेसर म्हणाले.

मी हात सैल सोडला. निदान मला तसं वाटलं. उजव्या हाताच्या दोन बोटांना त्यांनी धातूच्या पट्ट्या बांधल्या होत्या आणि पट्ट्यांच्या तारा टेबलावरच्या खोक्यात शिरल्या होत्या. खोक्यातून कागदाची लांब पट्टी सरकत बाहेर येत होती आणि तिच्यावर एक पेन आपोआप निळी रेघ ओढत होतं. माणूस घाबरला की त्याच्या बोटांना घाम येतो, त्याचं त्यालाही कळणार नाही इतका थोडा. पण पेनाला तेवढाही कळतो आणि रेघ वर चढते, असं मला समजावून झालं होतं.

प्रोफेसर म्हणजे माझे यजमान, डॉक्टर अरविंद पांढरीपांडे. त्यांना 'हे' म्हणायला आता जीभ वळत नाही. नावाने हाक मारायची तेव्हा पद्धत नव्हती आणि आता हौस नाही. म्हणून प्रोफेसर. सगळं नागपूर म्हणायचं, मीही म्हणते. भीती या विषयात त्यांचा हात धरणारं त्या काळी आमच्याकडे कोणी नव्हतं. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, कानावर काय पडलं हे आपल्याला उमगायच्या आत तो घाबरून मोकळा झालेला असतो, हे ते इतकं सुरेख सांगायचे की ऐकणाऱ्याला आपल्या डोक्यातल्या त्या बदामाचा अभिमान वाटावा. व्याख्यान संपल्यावर बायका मला म्हणायच्या, "काय भाग्यवान आहात हो तुम्ही!" मी हसायचे. हसण्यात मी तरबेज होते.

त्या वर्षी त्यांनी लहान मुलांवरचा प्रयोग घेतला होता. मुलाच्या मेंदूत भीती आणि काळजी मुळात येते कुठून, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी एक टेप तयार केली होती. तिच्यावर काही आवाज भीतीचे होते. कुत्र्याचं गुरगुरणं, विजेचा कडकडाट, काच फुटणं. आणि मधूनमधून साधे आवाज, ज्यांना कोणीच भीत नाही असे. हे साधे आवाज लांजेवारने आमच्या घरी येऊन टेप केले होते. कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, भिंतीवरच्या घड्याळाचे टोले, फाटकात प्रोफेसरांची स्कूटर स्टँडवर चढवल्याचा आवाज. लांजेवार हा त्यांचा विद्यार्थी. तो पीएच.डी. करत होता, आणि उरलेल्या वेळात प्रोफेसरांचं विजेचं बिल भरणं, रेल्वेचं रिझर्वेशन करणं.

मुलांना बसवण्याआधी टेप कोणावर तरी तपासून घ्यायची असते. त्यासाठी विद्यापीठातल्या त्यांच्या विभागात घरचीच माणसं धरून आणायची रीत होती. कोणाची बायको पडद्यावरचे ठिपके मोजून जायची, कोणाची आई चौकोन जुळवून जायची. फुकटात काम होतं आणि नाही कोणी म्हणत नाही. तशी त्या दुपारी मी बसले होते.

कुत्रा गुरगुरला. रेघ थोडी उचलली आणि खाली आली. कुकर वाजला. रेघ सरळ. वीज कडाडली तेव्हा मी दचकले आणि पेनही. नळ वाहिला, रेघ सरळ. प्रोफेसर खूश होते. टेप उत्तम जमली होती.

मग स्कूटर स्टँडवर चढली. नुसता एक खडाक.

पेन सरसर वर गेलं आणि कागदाच्या कडेला जाऊन आपटत राहिलं.

"अरे बाप्पा!" लांजेवारच्या तोंडून निघून गेलं. "हे काय होऊन राह्यलं?"

"टेप मागे घ्या," प्रोफेसर म्हणाले.

पुन्हा खडाक. पुन्हा पेन कडेला. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तर आवाजाच्या आधीच, टेपची नुसती सूं ऐकूनच, रेघ चढायला लागली.

"काय झालं कुंदा?"

"कुठे काय? काही नाही."

"काही नाही कसं? हे काय आहे मग?"

"मला नाही कळत त्यातलं. मला खरंच काही वाटलं नाही हो."

आणि ते खरं होतं. मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. मी स्वतःला भित्री समजतही नव्हते. मी जपून वागणारी बाई होते, एवढंच. बोटांनी परस्पर काय सांगून टाकलं ते मी कागदावर बघत होते आणि मला चारचौघांत पदर घसरावा तशी लाज वाटत होती.

प्रोफेसरांनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. लांजेवार आपल्या चपलांकडे बघत उभा. प्रोफेसर म्हणजे भीतीवर आयुष्य घालवलेला माणूस. समोर स्वतःच्या बायकोची रेघ होती आणि स्वतःच्या स्कूटरचा आवाज. पहिल्या वर्षाच्या पोरानेही सांगितलं असतं. आता काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी काय बोलावं ते मलाही माहीत नव्हतं, पण एखादा शब्द.

"या आवाजात खरखर आहे, लांजेवार."

"सर, टेप तर एकदम क्लीन…"

"खरखर आहे. हा आवाज बाद करा." त्यांनी कागदाचा तेवढा तुकडा फाडला आणि टोपलीत टाकला. "याच्या जागी दुसरा घेऊ. असाच लहानसा, एकदम होणारा. कुंदा, काय आहे घरात असं?"

त्यांनी मला काही विचारलं याचाच मला इतका आनंद झाला की मी लगेच म्हणाले, "रेडिओ बंद केल्याचा घ्या की. खटका फिरवला की टक् करून वाजतो."

"गुड," ते म्हणाले. "चांगला साधा आवाज आहे."

मला मार कधी बसला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात आणि नाही म्हटलं की त्यांचा चेहरा निवांत होतो. प्रोफेसरांनी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. ते घरी आले की प्रश्न विचारायचे. वर्तमानपत्राची घडी उलटी का? नळ ठिबकतो आहे हे किती वेळापासून माहीत होतं? माहीत होतं तर मग का? मी उत्तर दिलं की त्या उत्तरावर प्रश्न. मग त्या उत्तरावर. अगदी शांतपणे, पायावर पाय टाकून, जेवणाचं ताट निवत जाईपर्यंत. शेवटी मी कबूल करायचे. काय कबूल करतेय ते मला कळत नसे, पण कबूल केलं की सुटका व्हायची.

एकदा ते आले तेव्हा माझा रेडिओ लागलेला होता. आम्ही दोघी मायलेकी गाणं ऐकत होतो. त्यांनी काही म्हटलं नाही. कपडे बदलले, हातपाय धुतले, रेडिओ उचलला आणि न्हाणीघरातल्या भरल्या बादलीत हलकेच ठेवून दिला. गाणं चालूच होतं, ते पाण्यात विझलं. मग पाटावर बसत म्हणाले, "वाढ." माझ्या भावाने, दिनूने, पुढे दुसरा रेडिओ आणून दिला. पहिल्याचं काय झालं हे मी त्याला सांगितलं नाही. पडला म्हटलं.

त्यानंतर मी खबरदार झाले. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर त्यांची स्कूटर आली की मला कळायचं. त्या रस्त्यावरून शंभर स्कूटरी जायच्या, मला त्यांचीच कळायची. लगेच रेडिओ बंद. घडी सरळ. नळ घट्ट. केतकीची चित्रं खाटेखाली. ते फाटकात येईपर्यंत घर कसं आरशासारखं.

केतकी म्हणजे आमची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. घरातलं हे सगळं तिच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, हे एकच काम मी त्या संसारात मन लावून केलं. प्रश्न सुरू होणारसे दिसले की मी तिला शेजारी धाडायचे. रडायचं असेल तर नळ सोडून रडायचे. आणि ते मला साधलंही होतं. पोरगी धीट होती. अंधाराला भीत नव्हती, पालीची शेपटी चिमटीत धरायची, गल्लीतल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायची. बापाच्या मांडीवर बसून त्यांना पाढे म्हणून दाखवायची. शेजारच्या मोहरीलबाई म्हणायच्या, "पोरगी कोणावर गेली हो तुमची?" माझ्यावर गेली नाही, यातच मला सगळं मिळालं होतं. दिनूने एकदा विचारलं होतं, "ताई, तू खुश नाही का? ये ना मग अमरावतीला." मी त्याला म्हटलं, माझं सोड, माझी मुलगी खुशीत आहे तोवर मला काही होत नाही. मनात मात्र ठरवून टाकलं होतं की ज्या दिवशी हे केतकीला लागेल त्या दिवशी मी या घरात राहणार नाही.

म्हणून प्रोफेसरांनी जेव्हा म्हटलं, "मुलांमध्ये पहिली आपली केतकीच बसवू," तेव्हा मी नाही म्हटलं नाही. उलट मला बघायचंच होतं. माझी रेघ मी बघितली होती, आता तिची सरळ रेघ मला डोळ्यांनी बघायची होती.

त्या दिवशी मी तिला छानसा फ्रॉक घातला. खुर्चीत बसून तिने बांगड्या भरायला पुढे करावा तसा हात पुढे केला.

"आई, गुदगुल्या होऊन राहिल्या," पट्ट्या बांधताना ती म्हणाली. लांजेवार हसला. मीही हसले.

कुत्रा गुरगुरला. "हा तर आपला मोत्या," केतकी म्हणाली. रेघ हललीसुद्धा नाही. वीज कडाडली तेव्हा जराशी चढली. काच फुटली, थोडी चढली. कुकर, नळ, घड्याळ, सगळं सरळ. माझा जीव भांड्यात पडला. मी मनात म्हणत होते, बघा, नीट बघा, ही माझी मुलगी आहे.

मग टक्.

पेन उसळलं. कडेपर्यंत नाही, पण विजेपेक्षा कितीतरी वर, आणि वर जाऊन तिथेच थरथरत राहिलं. केतकीने टेपकडे पाहिलं नाही. तिने झटकन मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"पुन्हा," प्रोफेसर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

टक्. रेघ वर. केतकीचे डोळे माझ्या तोंडावर.

"हा कशाचा आवाज आहे, केतकी?"

"आईनं रेडिओ बंद केला."

"बरं. मग?"

"मग काही नाही."

"आईनं रेडिओ बंद केल्यावर काय होतं? आठव आणि सांग."

ती माझ्याकडेच बघत होती. मी तोंड भरून हसले.

"मग आई अशी अशी धावते," ती म्हणाली, "आणि गप्प होऊन जाते."

"आणि मग?"

"मग तुम्ही येता."

कागद तेवढा सरकत होता. लांजेवारने एकदा माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबून यंत्र बंद केलं.

प्रोफेसर हसले. "म्हणजे बाबा आले की बरं वाटतं. हो ना?"

केतकीने माझा चेहरा पाहिला. तिथे तिला काय दिसलं देव जाणे. "हो," ती म्हणाली.

"सर, हे तिचं बोलणं लिहून घेऊ का?" लांजेवारने विचारलं.

"मुलांचं तोंडी सांगणं धरायचं नसतं, लांजेवार. जसं विचाराल तसं बोलतात ती. रेघ तशी बोलत नाही." आणि मग ते उभे राहून येरझारा घालायला लागले. मी त्यांना इतकं आनंदी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "काय सापडलंय कळतंय का तुम्हाला? कुत्र्याला घाबरत नाही, विजेला घाबरत नाही. घाबरते कशाला, तर आईच्या हाताच्या एका खटक्याला. भीती बाहेरून आलेलीच नाही. आईची काळजी मुलीच्या मेंदूत जशीच्या तशी उतरली आहे. पुस्तकांत आजवर कोणी इतकं स्वच्छ दाखवलेलं नाही."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे सगळं जुळून आलं. वळणावरची स्कूटर केतकीला ओळखू येत नव्हती, ती मलाच यायची. तिला पहिल्यांदा ऐकू यायचा तो माझा खटका. तो वाजला की घर बदलायचं. मी जे तिच्यापासून लपवायला धावत होते, ते माझ्या धावण्यातूनच तिला रोज कळत होतं. आणि स्कूटर तर टेपवर नव्हतीच. स्वतःचा आवाज त्यांनी आधीच टोपलीत टाकला होता. मागे उरला तो माझा.

"तिला स्कूटरचा आवाज लावा," मी म्हणाले.

तिसऱ्या माणसासमोर मी त्यांना काही करायला सांगितलं, ते लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

"तो बाद आहे."

"का बाद आहे?"

"सांगितलं ना. खरखर होती."

"लांजेवार, खरंच होती खरखर?"

लांजेवार काळासावळा, भंडाऱ्याकडचा, सरळ मनाचा मुलगा. माझ्या हातची भाजी-पोळी कितीदा जेवलेला. त्याचा प्रबंध प्रोफेसरांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. तो म्हणाला, "सर म्हणून राह्यले तर असंल, वहिनी."

मला त्या क्षणी प्रोफेसरांचा जितका राग आला नाही तितका त्याचा आला. प्रोफेसरांचा यायला आणखी थोडा वेळ लागला. तो आला तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ते विभागात गेल्यावर मी केतकीचे कपडे पिशवीत भरले आणि एस.टी.ने अमरावती गाठली. दिनू पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता. त्याने दारातच विचारलं, "काय झालं ताई?" मी म्हटलं, "केतकीला लागलं." तो तिचे हातपाय बघायला लागला.

मी त्याला सगळं सांगितलं. बादली, प्रश्न, स्कूटर, खटका. सांगताना माझ्याच कानाला ते किरकोळ वाटत होतं. तो मान हलवत होता. "बरं केलं आलीस," तो म्हणाला, "राहा. जागा आहे, काही प्रॉब्लेम नाही." त्याच्या घरी रेडिओ दिवसभर चालू असायचा. केतकी त्याच्या मुलांबरोबर अंगणात हुंदडायची. चार दिवसांत तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं असं मला वाटलं.

रविवारी प्रोफेसर आले. स्कूटरवर नाही, बसने. हातात संत्रा बर्फीचा डबा आणि काखेत कागदाची गुंडाळी. दिनूला त्यांनी मिठी मारली, त्याच्या बायकोला चहा छान झाल्याचं सांगितलं. माझ्यावर एका शब्दाने रागावले नाहीत. मग टीपॉयवरचे कप बाजूला सारून त्यांनी कागद पसरला.

"दिनकरराव, तुम्ही इंजिनिअर माणूस, तुम्हाला समजावायला नको. ही केतकी. हे कुत्र्याचं गुरगुरणं. हा विजेचा आवाज. आणि हा बघा, आईने रेडिओ बंद केल्याचा."

दिनू कागदावर वाकला. आलेख दिसला की त्याला राहवत नसे, लहानपणापासून तसाच. त्याने बोटाने रेघेची चढण मोजली.

"बाप रे," तो म्हणाला.

"स्कूटरचं विचार त्यांना," मी म्हणाले. "माझ्या रेघेचं विचार. ती फाडून टाकली यांनी."

"जिजाजी, ते काय म्हणून राहिली ताई?"

"टेप खराब होती. तो आवाज प्रयोगात नाहीच. तुमच्या खात्यात मीटर बिघडला तर ते आकडे तुम्ही धरता का?"

"नाही धरत," दिनूने प्रामाणिकपणे सांगितलं.

"मी कुंदाला दोष देत नाही. तिचा स्वभाव काळजीचा आहे, त्याला ती तरी काय करणार? तिला विश्रांतीची गरज आहे. इथे भावाकडे राहू दे महिना-दोन महिने. मुलीला मात्र काही दिवस तिच्यापासून लांब ठेवावं लागेल. माझी बहीण येते आहे घर सांभाळायला. हे मी नवरा म्हणून नाही सांगत. याच विषयावर मी सोळा वर्षं काम करतोय."

"दिनू, मी तुला सांगितलं ना सगळं?"

"हो ग ताई." तो माझ्याकडे बघेना. "त्यांनी कधी हात उचलला का तुझ्यावर?"

"नाही."

"कधी शिवी?"

"नाही रे."

त्याने सुटकेचा श्वास सोडला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला दोन्हीकडे बरं राहायचं होतं, जसं सगळ्यांनाच राहायचं असतं. "मग असं करू," तो म्हणाला, "पोरीलाच विचारू. ती म्हणेल तसं. कोणाची बाजू नको अन् कोणावर जबरदस्ती नको."

"अगदी योग्य," प्रोफेसर म्हणाले.

दिनूने हाक मारली. केतकी अंगणातून धावत आली आणि बापाला बघून उंबऱ्यातच थांबली. आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तसंच, त्या खुर्चीतून मान वळवून पाहिलं होतं तसं.

त्या दोन-तीन क्षणांत मी जेवढा विचार केला तेवढा आयुष्यात केला नसेन. माझ्या तोंडावर भीती दिसली तर ती तिच्या तोंडावर दिसणार. प्रोफेसर दिनूकडे बघून नुसती भुवई उचलणार, बघा म्हणून. आणि त्यापलीकडे, मला माझं लेकरू पुन्हा सगळ्यांसमोर घाबरायला नको होतं. ती पोर माझ्यामुळे घाबरते हे त्यांनी शास्त्राने सिद्ध केलं होतं. निदान आज तरी माझ्यामुळे नको. मी ओठ सैल सोडले. कपाळ सैल सोडलं. पायाची बोटं साडीखाली आवळून धरली आणि वरचं सगळं सैल सोडलं. उद्या सकाळी भाजी कोणती करायची, त्याचा विचार करायला लागले. मेथी निवडायची होती. मी मेथीच्या काड्यांचा विचार केला. आणि ते मला जमलं. इतक्या वर्षांत कधी जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं. आतून मी किंचाळत होते आणि चेहरा देवळातून आलेल्या बाईसारखा शांत.

"केतू बेटा," दिनू म्हणाला, "तुला बाबांसोबत घरी जायचं का इथे आईजवळ राहायचं?"

केतकी माझं तोंड निरखत राहिली. मग तिचे खांदे खाली आले. ती उंबऱ्यातून आत आली.

"बाबांसोबत जाते," ती म्हणाली.

प्रोफेसरांनी कागद नीट गुंडाळला. दिनूच्या बायकोने डब्यात थालीपीठं बांधून दिली. संध्याकाळच्या बसने ते दोघं गेले.

महिना-दोन महिन्यांचं पुढे काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. दर वेळी मुलीची परीक्षा असायची, किंवा माझी तब्येत अजून तशीच आहे असं प्रोफेसरांना वाटायचं. मी अमरावतीच्या एका शाळेत शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. केतकी सुट्टीत आठ-आठ दिवस यायची. आईची भीती मुलात कशी उतरते यावरचा प्रोफेसरांचा निबंध बाहेरदेशी छापून आला आणि त्यावर त्यांनी जन्मभर व्याख्यानं दिली. एक अमरावतीलाही झालं. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका ऐकून आल्या आणि शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या, "खरं आहे हो, आपण बायकाच मुलांना भित्रं करतो." मी वह्या तपासत होते.

केतकी आता पुण्याला असते. हुशार आहे, चांगल्या नोकरीत आहे, आणि कमी बोलते. प्रोफेसर गेले त्या वर्षी ती माझ्याकडे येऊन राहिली होती. एका दुपारी दोघी वाल सोलत बसलो होतो, तेव्हा इतकी वर्षं ओठांवर अडवलेलं मी विचारून टाकलं.

"केतकी, त्या रविवारी दिनूमामाकडे तू त्यांच्यासोबत का गेलीस ग? तुला राहायचं नव्हतं माझ्याजवळ?"

तिला आठवावं लागलं नाही. हातातला वाल सोलून तिने भांड्यात टाकला.

"मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं होतं, आई," ती म्हणाली. "तू घाबरलेली दिसली नाहीस. मला वाटलं, आता घरी काही होणार नाही."